गुठळीवरून गाठ ओळखता येईल का?

घोणस चावलेला माणूस दवाखान्यात आला की डॉक्टर एक अगदी साधी चाचणी करतात. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढायचे, ते स्वच्छ व कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घालायचे आणि नळी वीस मिनिटे न हलवता उभी ठेवायची. वीस मिनिटांनी ती हळूच कलती करायची. रक्त गोठले असेल तर ते जागचे हलत नाही. पाण्यासारखे वाहू लागले, तर विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती संपवली आहे असे समजून प्रतिसर्पविष सुरू करायचे. साधने काय, तर एक नळी आणि एक घड्याळ. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत उसात आणि भातखाचरांत राबणाऱ्या माणसांना घोणस नवी नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी या भागात सर्पदंशावरील उपचारांचे आणि लोकशिक्षणाचे काम अनेक वर्षे केले आहे. त्यामुळे इथल्या बऱ्याच शिक्षकांच्या कानावरून ही चाचणी गेलेली असेल.

रक्त गोठण्याच्या याच क्रियेवरून आणखी एक रोग ओळखता येईल, अशी आशा शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून वाटत आली आहे. तो रोग म्हणजे कर्करोग. या आशेला आधार आहे, हे आधीच सांगून टाकू. परंतु आधार असणे वेगळे आणि निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या रांगेतून कर्करोगाचा रुग्ण शोधून काढणे वेगळे. या दोन गोष्टींमधील अंतर संशोधनपत्रिकांत पुष्कळदा झाकले जाते, वर्तमानपत्रांत तर ते दिसेनासेच होते. त्याची झडती घेण्याचा आमचा विचार आहे.

हा विषय आज तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे, त्याचे एक कारण कोविडची साथ. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत 'डी-डायमर' हा शब्द घरोघरी गेला. तोवर तो डॉक्टरांपुरता होता. साथ ओसरली, चाचणी मात्र प्रयोगशाळांच्या दरपत्रकात राहिली. 'डी-डायमर वाढला आहे, कॅन्सर तर नसेल ना?' असा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला आहे. त्याहून अधिक काळजीचा वाटतो तो उलटा तर्क: 'रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणजे कॅन्सर नाही.' तोंडात पांढरा चट्टा असलेला तंबाखू खाणारा माणूस किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव सुरू झालेली बाई अशा कागदावर विसंबून घरी बसली, तर त्या कागदाने केलेले नुकसान भरून येणारे नसते.

आधी गोठण्याची क्रिया पाहू. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती साखळीसारखी येते. जखम झाली की थ्रोम्बोप्लास्टिन मोकळे होते, त्यामुळे प्रोथ्रोम्बिनचे थ्रोम्बिन होते, थ्रोम्बिनमुळे विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे न विरघळणारे फायब्रिन होते आणि फायब्रिनच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी तयार होते. हे वर्णन बरोबर आहे, पण अपुरे आहे. आकृती जाळ्यापाशी थांबते आणि पुढे त्या जाळ्याचे काय होते हा प्रश्न मुले विचारत नाहीत, आपणही काढत नाही. वास्तविक गुठळी बांधण्याइतकेच ती मोडणेही शरीराला आवश्यक असते. प्लाझ्मिन नावाचे विकर फायब्रिनचे धागे कापते. फायब्रिनच्या रेणूच्या दोन टोकांना 'डी' म्हणतात. शेजारशेजारच्या रेणूंची ही टोके तेराव्या घटकाने एकमेकांना पक्की जोडलेली असतात. प्लाझ्मिन इतर ठिकाणी कापू शकते, हा सांधा मात्र त्याला कापता येत नाही. तो जोड्याजोड्यांनी रक्तात फिरत राहतो. तोच डी-डायमर.

म्हणजे डी-डायमर सापडला याचा अर्थ एवढाच, की शरीरात कोठेतरी गुठळी झाली होती आणि ती आता मोडली जात आहे. राख दिसली म्हणजे आग लागली होती हे नक्की. पण ती चुलीत लागली की कडब्याच्या गंजीत, हे राख सांगत नाही. न्यूमोनिया, मोठी जखम, शस्त्रक्रिया, गरोदरपण, यकृताचे विकार, घोणशीचे विष, या सगळ्यांत डी-डायमर वाढतो. वय वाढले तरी वाढतो. इतका, की पन्नाशीनंतर नेहमीची ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा न वापरता वयाची दहापट ही मर्यादा धरावी, अशी पद्धत पडली आहे. सत्तर वर्षांच्या माणसासाठी ती ७०० होते. (अहवालावर छापलेली मर्यादा मात्र बहुधा सर्वांना एकच असते. अहवाल वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.)

कर्करोगात हे का घडते? अनेक प्रकारच्या कर्कपेशींच्या पृष्ठभागावर 'टिश्यू फॅक्टर' हे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते. एरवी ते रक्तवाहिनीच्या बाहेरच्या पेशींवर असते आणि वाहिनी फाटल्यावरच त्याची रक्ताशी गाठ पडते. थ्रोम्बोप्लास्टिन म्हणून आपण जे शिकवतो, त्याचा मुख्य भाग हाच. कर्कपेशी जखम नसतानाच हा इशारा देत राहतात. १९८६ मध्ये अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरल्ड ड्वोरॅक यांनी अर्बुदाला कधीही भरून न येणाऱ्या जखमेची उपमा दिली, ती या अर्थाने नेमकी आहे. गाठीभोवती फायब्रिनचे जाळे पडते, प्लेटलेट जमतात, आणि रक्तात शिरलेल्या कर्कपेशी प्लेटलेटांचे पांघरूण घेऊन शरीराच्या पहारेकऱ्यांना चुकवतात असेही दिसून आले आहे. कर्करोगाच्या रुग्णांमध्ये शिरेत गुठळी होण्याचा धोका इतरांच्या चार ते सात पट असतो, तो यामुळेच.

या संबंधाची सर्वांत प्रसिद्ध नोंद पॅरिसचे वैद्य आर्मां त्रूसो यांची. कारण न सापडणारी शिरेतील गुठळी ही पोटात लपलेल्या कर्करोगाची खूण असू शकते, असे त्यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात मांडले. दोनच वर्षांनी, १८६७ च्या जानेवारीत, त्यांच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली. आपल्याला काय झाले आहे ते त्यांनी ओळखले आणि त्याच वर्षी जूनमध्ये जठराच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. वैद्यकाच्या इतिहासात ही गोष्ट निदानाचा विजय म्हणून सांगतात. आम्हाला तिच्यातले महिने महत्त्वाचे वाटतात. जानेवारीत गुठळी आणि जूनमध्ये मृत्यू. गुठळीने सांगितले ते खरे होते, पण फार उशिरा सांगितले. त्या काळी जठराच्या कर्करोगावर उपाय नव्हता हे खरे. तथापि आजही गुठळीने प्रकट होणारा कर्करोग बहुधा पुढच्या पायरीवर पोहोचलेला आढळतो.

डी-डायमरचेही तसेच आहे. गाठ जितकी मोठी, जितकी पसरलेली, तितका डी-डायमर अधिक, असे निरनिराळ्या कर्करोगांत वारंवार दिसले आहे. 'रोगाच्या तीव्रतेशी खुणेचा चांगला संबंध आढळला' असे वाक्य शोधनिबंधात अभिमानाने येते. रुग्णाचे पुढे काय होईल याचा अंदाज घेण्यासाठी तो संबंध उपयोगी आहेच. लवकर निदानासाठी मात्र तीच गोष्ट प्रतिकूल आहे. ज्या पायरीवर रोग पकडायला हवा, त्या पायरीवर ही खूण सर्वांत मंद असते.

अशा शोधनिबंधांत आणखी एक गोम असते. एका बाजूला रुग्णालयातील निदान झालेले रुग्ण घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूला धडधाकट स्वयंसेवक, बहुधा वयाने तरुण. दोघांच्या रक्तात फरक दिसणारच. पण प्रत्यक्षात चाचणी ज्यांच्यावर करायची ती माणसे या दोन टोकांच्या मधली असतात. कोणाचे गुडघे सुजलेले, कोणाला जुना खोकला, कोणाला मधुमेह, कोणाच्या पायाची जखम महिनाभर चिघळलेली. परीक्षा सोपी घेऊन गुण भरपूर मिळाले, तर शिक्षकाने त्यावर किती विश्वास ठेवावा हे आपल्याला सांगायला नको.

याचे उत्तम उदाहरण प्लेटलेटांच्या संशोधनात आहे. प्लेटलेटांना केंद्रक नसते, पण त्यांच्यात आरएनए असते, आणि गाठीच्या सहवासात आल्यावर त्याचा नमुना बदलतो. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील मायरन बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८३ जणांच्या प्लेटलेटांतील आरएनए वाचून कर्करोगाचे रुग्ण आणि निरोगी माणसे ९६ टक्के अचूकतेने वेगळी करून दाखवली. कल्पना सुंदर आहे आणि कामही कष्टाचे आहे, यात शंका नाही. पण २८३ पैकी २२८ जण रुग्ण होते आणि ५५ निरोगी. एखाद्याने रक्त न तपासताच प्रत्येकाला 'कर्करोग आहे' असे सांगितले असते, तरी तो २२८ वेळा बरोबर ठरला असता. ही 'अचूकता' ८० टक्क्यांवर जाते! म्हणून ९६ या आकड्याचे मूल्य शून्यापासून मोजायचे नसते, ८० पासून मोजायचे असते. बातमी देताना हे कोण सांगतो?

त्याच गटाचे पुढचे काम २०२२ मध्ये आले, आणि त्यांनी ही परीक्षा अवघड करून घेतली याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. अठरा प्रकारचे कर्करोग घेतले. सर्व पायऱ्या मिळून १,०९६ नमुन्यांपैकी दोनतृतीयांश ओळखले गेले. पहिल्या तीन पायऱ्यांच्या ३५२ नमुन्यांपैकी जेमतेम निम्मे. कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांत १०० पैकी ९९ जणांना चाचणीने बरोबर 'नाही' म्हटले. परंतु दाह, हृदयविकार किंवा साध्या गाठी असलेल्या माणसांत हे प्रमाण सरासरी ७८ वर घसरले. म्हणजे कर्करोग नसलेल्या अशा १०० जणांपैकी २२ जणांवर चुकीचा शिक्का. दवाखान्याच्या दारात येतात ती माणसे यातलीच असतात.

आता जुन्नर-आंबेगावचा हिशेब मांडू. तो वर्गातही करता येतो. एक हजार वाल मोजून घ्या, त्यांतील तीन दाण्यांना लाल रंग लावा. हे चाळिशीपुढचे हजार गावकरी, आणि लाल दाणे म्हणजे ज्यांच्यात कर्करोग लपलेला आहे ते. चाचणी तीनपैकी दोघांना ओळखते आणि निरोगी माणसांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडून देते, असे धरा. हे आकडे आमच्या मनचे आहेत, पण डी-डायमरसारख्या खुणेच्या दृष्टीने ते उदारच म्हणावे लागतील. आता ९९७ पांढऱ्या दाण्यांचे २० टक्के, म्हणजे १९९ दाणे, दोन लाल दाण्यांसोबत एका वाटीत काढा. वाटीत २०१ दाणे. मुलांना डोळे मिटून एक उचलायला सांगा. लाल दाणा येण्याची शक्यता शंभरात एक. तिसरा लाल दाणा 'नॉर्मल' म्हणून सोडलेल्या ढिगात आहे, हेही त्यांना दाखवा. चाचणी '८० टक्के अचूक' असूनही असे का होते, हे त्रैराशिक जाणणारा विद्यार्थी स्वतः शोधून काढतो.

गोंधळाचे मूळ वाक्याच्या दिशेत आहे. 'कर्करोग असेल तर खूण वाढते' आणि 'खूण वाढली आहे, तर कर्करोग आहे' ही दोन वाक्ये एक नव्हेत. जुन्नरकडच्या मुलांना हे सांगायला उसातला बिबट्या पुरेसा आहे. बिबट्या वस्तीजवळ आला की कुत्री भुंकतात. म्हणून कुत्री भुंकली की दर वेळी वनखात्याचा पिंजरा मागवायचा का?

२०११ च्या जनगणनेनुसार जुन्नर तालुक्याची लोकसंख्या ३,९९,३०२ आणि आंबेगावची २,३५,९७२. दोन्ही मिळून चाळिशीपुढची दीड लाख माणसे धरली, तर वरच्या हिशेबाने तीस हजार निरोगी माणसांच्या हातात 'वाढलेला' अहवाल पडेल. पुढे काय? डी-डायमर जागा सांगत नाही, त्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत शोध. सीटी स्कॅन, दुर्बीण, कोठे संशयास्पद सावली दिसली तर सुईने तुकडा काढणे. भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीवरच्या माणसाला आधी घोडेगावला, मग मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात, तिथून साठ किलोमीटरवर पुण्याला आणि त्याचेही समाधान झाले नाही तर मुंबईला परळला जावे लागेल. प्रत्येक फेरीला एक सोबती, दोघांची बुडालेली मजुरी. हिरडा गोळा करण्याच्या दिवसांत अशा चार फेऱ्या पडल्या तर त्या घराचे वर्षाचे रोख उत्पन्न हातचे जाते. शंभरातल्या नव्याण्णव जणांच्या बाबतीत हे सगळे 'काही नाही' हे ऐकण्यासाठी. आणि 'काही नाही' हे ऐकूनही मनातली भीती पूर्ण जात नाही.

मग घोणशीच्या वेळी हीच क्रिया इतकी भरवशाची कशी ठरते? घोणशीच्या विषातील विकरे गोठण्याच्या साखळीतील पाचव्या व दहाव्या घटकांना एकाएकी चेतवतात, फायब्रिनोजेन भराभर खर्च होते आणि थोड्याच वेळात रक्तात गोठण्यासारखे काही उरत नाही. परिणाम मोठा, कारण ताजे, आणि ज्याची चाचणी करायची तो माणूस दंश घेऊन समोर बसलेला. शंका आधीच दाट आहे. चाचणीने फक्त कौल द्यायचा आहे, आणि कौल मिळताच द्यायचे औषध शेजारच्या फ्रीजमध्ये आहे. याउलट निरोगी माणसांच्या रांगेत शंका विरळ, परिणाम अंधूक, कारणे पन्नास आणि उपाय दूर.

ही वीस मिनिटांची चाचणीही सर्वगुणसंपन्न नाही. नाग किंवा मण्यार यांचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर काम करते. त्यांच्या दंशात रक्त छान गोठते आणि माणूस श्वास थांबून दगावू शकतो. नळी प्लॅस्टिकची असेल तर निष्कर्ष चुकतो, कारण काचेच्या पृष्ठभागाच्या स्पर्शाने बारावा घटक चेततो आणि तिथून साखळी सुरू होते. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही. पण या मर्यादा नेमक्या ठाऊक आहेत, आणि म्हणूनच चाचणी ठरावीक अंतराने पुन्हा करतात, लक्षणांशी ताडून पाहतात.

गोठण्याच्या खुणांना कर्करोगाच्या क्षेत्रात काहीच स्थान नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. रोगाचे निदान झालेल्या आणि औषधोपचार सुरू होणाऱ्या रुग्णाला गुठळीचा धोका किती, हे ठरवण्यासाठी अलोक खोराना यांनी २००८ मध्ये एक गुणपद्धती मांडली. कर्करोग कोठला, प्लेटलेट किती, हिमोग्लोबिन किती, पांढऱ्या पेशी किती, वजन उंचीच्या मानाने किती, एवढ्यावर ती चालते. नंतर व्हिएन्नातील संशोधकांनी तिच्यात डी-डायमर आणि पी-सिलेक्टिन यांची भर घातली. इथे प्रश्नाची दिशा उलटी आहे, हे लक्षात घ्या: कर्करोग माहीत आहे, गुठळीचा अंदाज हवा आहे. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाचा एकच पाय सुजून दुखू लागला, तर तो 'अशक्तपणामुळे' म्हणून सोडून देऊ नये, हे शिक्षकांनी गावात जरूर सांगावे.

आणि त्रूसो यांचा मूळ प्रश्न? कारण नसताना शिरेत गुठळी झालेल्या माणसात लपलेला कर्करोग कसून शोधावा का? कॅनडातील नऊ केंद्रांवर ८५४ रुग्णांमध्ये हे करून पाहिले गेले आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांची नेहमीची साधी तपासणी केली, उरलेल्यांची तीच तपासणी आणि शिवाय पोटाचा विस्तृत सीटी स्कॅन. वर्षभरात दोन्ही गट मिळून ३३ जणांना, म्हणजे ३.९ टक्क्यांना, कर्करोग निघाला. त्यांपैकी पहिल्या तपासणीत निसटलेले साध्या गटात १४ पैकी ४, आणि स्कॅनच्या गटात १९ पैकी ५. स्कॅनने सांगण्यासारखा फायदा दिला नाही. जिथे प्रत्यक्ष गुठळी आहे तिथे ही स्थिती, तर नुसत्या डी-डायमरच्या आकड्यावरून सर्वांग धुंडाळण्याला काय आधार उरतो?

चांगली चाचणी कशी ओळखावी याचे उदाहरण शोधायला कॅनडात जाण्याची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालत आली आहे. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा प्रयोग झाला. खेड्यांचे ५२ समूह, ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. चार गट केले. एकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण असणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरमधले आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. बी. एम. नेने आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. विषाणूच्या चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, चौथ्या गटात ३१,४८८. कर्करोग सापडले १२७ आणि ११८, जवळजवळ सारखेच. पण दुसऱ्या किंवा त्यापुढच्या पायरीवर सापडलेले पहिल्या गटात ३९ आणि चौथ्या गटात ८२. मृत्यू ३४ आणि ६४. चौथ्या गटाला चाचणी दिली नाही यावर पुढे टीका झाली, आणि ती रास्त चर्चा आहे. परंतु चाचणीचे मोल किती रुग्ण 'सापडले' यावरून न ठरवता किती जणी वाचल्या यावरून ठरवावे, हा दंडक इथल्याच खेड्यांनी जगाला घालून दिला.

त्या प्रयोगात व्हिनेगरच्या एकाच तपासणीने मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांमध्ये तीच तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी करवली, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०१४ चे. साधन तेच, वापरण्याची रीत वेगळी.

एचपीव्ही आणि डी-डायमर यांच्यात मूलभूत फरक आहे. एचपीव्ही हे कारण आहे आणि ते रोगाच्या कित्येक वर्षे आधी येते. डी-डायमर हा परिणाम आहे, तोही पन्नास कारणांचा सामाईक. कारणाच्या मागावर असलेल्या चाचणीला वेळ मिळतो. तोंडाच्या कर्करोगातही तसेच: मिश्री आणि तंबाखूने पडलेला पांढरा किंवा लाल चट्टा डोळ्यांना दिसतो, त्याला टॉर्च पुरतो. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या प्रयोगात तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये नुसत्या तोंडाच्या तपासणीने मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. शासनाने २०१७ पासून तीस वर्षांवरील सर्वांसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या तपासणीचा कार्यक्रम आरोग्य केंद्रांमार्फत हाती घेतला, त्यात रक्त गोठण्याची एकही खूण नाही. आरोग्य शिबिराच्या पत्रकात 'कॅन्सर मार्कर' दिसले आणि तोंड तपासण्याचा उल्लेख नसला, तर मुख्याध्यापकांनी शाळेचे सभागृह देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत.

या सर्व खुणांमध्ये एक मात्र आम्हाला अजून विचार करण्याजोगी वाटते, आणि ती सर्वांत स्वस्त आहे: प्लेटलेटांची साधी संख्या. ती नेहमीच्या रक्ततपासणीत आपोआप मिळते. इंग्लंडमध्ये सारा बेली यांनी चाळिशीपुढच्या सुमारे चाळीस हजार रुग्णांच्या नोंदी पाहून २०१७ मध्ये दाखवले, की प्लेटलेट ठरावीक मर्यादेच्या वर असलेल्या पुरुषांपैकी ११.६ टक्के आणि स्त्रियांपैकी ६.२ टक्के जणांना वर्षभरात कर्करोगाचे निदान झाले. संख्या सामान्य असलेल्यांत हेच प्रमाण ४.१ आणि २.२ टक्के होते. ही माणसे रांगेतून उचललेली नव्हती; काहीतरी तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेली होती. शंका थोडी दाट होती, म्हणून खुणेला अर्थ आला.

हाच आकडा घोडेगावात किंवा जुन्नरात जसाच्या तसा चालेल का? आमच्या मते नाही, आणि कारण साधे आहे. लोहाच्या कमतरतेनेही प्लेटलेट वाढतात. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. शिवाय प्लेटलेटांची वाढ ज्यांच्याशी विशेष जोडली गेली आहे ते फुप्फुस, जठर, अन्ननलिका, मोठे आतडे आणि गर्भाशयाचे अस्तर यांचे कर्करोग. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख, ज्यांचा भार आपल्याकडे जास्त आहे, ते त्या यादीत ठळक नाहीत. तेव्हा आधी लोहाच्या गोळ्या देऊन हिमोग्लोबिन सुधारायचे, दोन-तीन महिन्यांनी प्लेटलेट पुन्हा मोजायच्या आणि तरीही ज्यांच्या वाढलेल्या राहतात त्यांच्याकडे वर्षभर लक्ष ठेवायचे, असा अभ्यास एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या जुन्या-नव्या नोंदींवर करता येईल. त्याला नवे यंत्र लागत नाही. लागते ती नीट ठेवलेली वही, आणि वर्षाने त्याच माणसाच्या घरी जाऊन 'कसे आहात?' असे विचारणारी आशा कार्यकर्ती.